काजूचा आउटटर्न, ±अर्धा पौंड: वाळपईच्या गोदामातल्या प्रकल्प नोंदी

२ एप्रिल

काम असे: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून आलेल्या कच्च्या काजू बियांचा ४१२ पोत्यांचा एक लॉट आहे. त्याचा सरासरी आउटटर्न काढायचा, म्हणजे ८० किलो बियांमागे कामाचा गर किती पौंड निघतो ते. उत्तर ९५ टक्के खात्रीचे हवे आणि चूक अर्ध्या पौंडाच्या आत हवी. भावाची बोलणी अर्ध्या पौंडावर अडतात. '४८ च्या आसपास' हे उत्तर घेणाऱ्याच्याही उपयोगाचे नाही आणि बागायतदाराच्याही नाही.

एका नमुन्याची मोजणी अशी. पोत्यातून एक किलो बी घ्यायची, मोजायची, एकेक फोडायची. चांगला गर वेगळा, डागी व न भरलेला वेगळा, पोकळ आणि कुजका बाद. गर लाल सालीसकट तोलायचा. डागी व न भरलेल्याचे अर्धे वजन धरायचे. ग्रॅमचा आकडा गुणिले ०.१७६३७ केले की पौंड मिळतात (८० किलोला गुणायचे, ४५३.६ ने भागायचे).

एका किलोत दोनशेच्या आसपास बिया बसतात. दोघे बसले तर फोडणे, निवडणे आणि तोलणे मिळून पाऊण तास जातो. फोडलेली बी परत पोत्यात जात नाही. म्हणून नमुने किती हा प्रश्न इथे खर्चाचा आहे. पन्नास घेऊन मोकळे होण्यातला हा प्रकार नाही.

४ एप्रिल

नेहमीची सवय म्हणजे नमुना ३० ठरवायचा, सरासरी काढायची आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी ज्यात असावी तो पट्टा) जेवढा रुंद येईल तेवढा सांगायचा. इथे उलटे आहे. रुंदी आधी ठरली आहे, संख्या मागून यायची आहे.

पोत्यापोत्यातला फरक, म्हणजे सिग्मा (प्रमाण विचलन), आधी ठाऊक असता तर गणित एका ओळीचे होते: एन = १.९६² × सिग्मा² ÷ ०.५². एन म्हणजे लागणारे नमुने, १.९६ हा ९५ टक्के खात्रीचा आकडा. सिग्मा ठाऊक नाही. आणि सिग्मा ठाऊक नसताना आधीच ठरवलेली कोणतीही एक संख्या ही हमी देऊ शकत नाही. ५० घ्या, ५०० घ्या. सिग्मा पुरेसा मोठा निघाला तर अर्ध्या पौंडाचा पट्टा खऱ्या सरासरीला चुकवणारच. गणिती जॉर्ज डँट्झिग यांनी १९४० मध्ये सांख्यिकी चाचण्यांच्या बाबतीत हीच अडचण सिद्ध करून दाखवली. संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स स्टाइन यांनी १९४५ मध्ये तिच्यातून वाट काढली ती दोन टप्प्यांची: पहिल्या टप्प्यात थोडे नमुने घेऊन फरक मोजा, त्यावरून एकूण संख्या ठरवा, मग उरलेले घ्या.

स्टाइनचा नियम: पहिल्या टप्प्यात एम नमुने, त्यांचा व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) एस². डी म्हणजे चालणारी चूक, इथे ०.५. टी-तक्त्यातून एम−१ फ्रीडमचा (डिग्री ऑफ फ्रीडम) ९५ टक्क्यांचा आकडा टी; सिग्मा नमुन्यावरूनच मोजला की १.९६ च्या जागी हा घ्यायचा. मग

एन = (टी² × एस² ÷ डी²) चा पूर्णांक भाग + १, पण एम पेक्षा कमी नाही.

शेवटी सगळ्या एन नमुन्यांची सरासरी, उणे-अधिक डी.

एम किती घ्यायचा यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. सिग्मा ठाऊक असता तर लागले असते त्याच्या सरासरी किती पट नमुने स्टाइन मागतो, हे टी² ÷ १.९६² वरून कळते. एम ५ असेल तर टी २.७७६, म्हणजे दुप्पट. एम १० ला टी २.२६२, म्हणजे १.३३ पट. १५ ला १.२० पट, २० ला १.१४, ३० ला १.०९. पण एकूण गरजच २५-३० ची निघाली आणि एम ३० घेऊन बसलो, तर पहिल्याच टप्प्यात गरजेपेक्षा जास्त बी फुटते. प्रमाण विचलन सव्वा ते दीड पौंड असेल असा अंदाज आहे, म्हणजे गरज २४ ते ३५. एम = १० पक्का केला.

निर्णय वहीत लिहून तारीख घातली: पद्धत स्टाइन, एम १०, डी ०.५. आकडे आल्यावर यातले काहीही बदलायचे नाही.

७ एप्रिल

पहिली फेरी रद्द. कारण सविस्तर लिहून ठेवतो, कारण ही चूक नेमकी हिशेबात दिसत नाही.

पोती थप्पीत आहेत. हमालांनी दाराजवळची दोन पोती उसवून दिली, आणि त्या दोन पोत्यांतूनच पाच-पाच किलो असे दहा नमुने झाले. एस² आला ०.३८. सूत्रात घातले (५.११७ हा २.२६२ चा वर्ग): ५.११७ × ०.३८ ÷ ०.२५ = ७.७८, म्हणजे ८. तो एमपेक्षा कमी, म्हणून एन = १०. म्हणजे काम संपले, दुसरा टप्पा नकोच.

आकडेमोड बरोबर, निष्कर्ष पूर्ण चुकीचा. एकाच पोत्यातले पाच किलो एकाच बागेतले, एकाच उन्हात वाळलेले असतात. ते आपसांत सारखे असणारच. मोजला गेला तो पोत्याच्या आतला फरक. लॉटच्या सरासरीत चूक येते ती पोत्या-पोत्यातल्या फरकाने: केरीचे पोते, गुळेलीचे पोते, नगरगावचे पोते, हंगामाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे. स्टाइनच्या नियमाला प्रत्येक निरीक्षण दुसऱ्यापासून स्वतंत्र लागते. इथे एकक पोते आहे, किलो नाही. एका पोत्यातून एकच नमुना.

ही फेरी रद्द होते ती निवड चुकली म्हणून. सरासरी किती आली याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि ते याच नोंदीत लिहिलेले बरे.

८ एप्रिल

शब्दांचा घोळ आधी निस्तरतो. 'बहुटप्पी नमुना' याचे दोन अर्थ चालतात. सर्वेक्षणवाले म्हणतात तो जागेतला टप्पा: आधी तालुका, मग गाव, मग पोते. इथला टप्पा काळातला आहे: आधीच्या आकड्यांवरून पुढची संख्या ठरते. दोन्ही एकाच कामात येऊ शकतात, पण सूत्रे वेगळी आहेत. आपल्याकडे या काळातल्या टप्प्यांची जुनी ओळख आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या तागाच्या क्षेत्राच्या सर्वेक्षणात छोट्या पायलट फेऱ्या घेऊन त्यांवरून मोठ्या फेरीची आखणी केली. ते काम १९४० मध्ये छापून आले, स्टाइनच्या पाच वर्षे आधी.

आता अडचण थप्पीची. रँडम आकड्याप्रमाणे ३०७ क्रमांकाचे पोते हवे असेल आणि ते आतल्या ओळीत तळाला असेल, तर हमाल ते काढणार नाहीत, आणि त्यांचे चूक नाही. त्यात दुसऱ्या टप्प्यात किती पोती लागतील ते पहिला टप्पा झाल्याशिवाय ठरत नाही. म्हणजे थप्पी दोनदा मोडायची.

उपाय: गोळा करणे स्वस्त आहे, फोडणे महाग आहे. म्हणून दोन्ही वेगळे करायचे. उद्या लॉट काट्यावरून जाणार आहे. ४१२ मधून ८० क्रमांक आजच रँडम काढले, आणि ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वहीत लिहिले. त्या क्रमांकाचे पोते काट्यावर आले की वर, मध्य आणि तळ अशा तीन ठिकाणांहून बी घेऊन, मिसळून, नेमका एक किलो पिशवीत भरायचा. पिशव्या ८०, पण फोडायच्या पहिल्या दहाच. मग सूत्र सांगेल तितक्या पुढच्या, वहीतल्या क्रमाने. उरलेल्या पिशव्यांची बी पोत्यात परत.

८० पुरतील का? एन ८० च्या वर जायला एस² ३.९ च्या वर लागतो, म्हणजे प्रमाण विचलन जवळजवळ दोन पौंड. तसे झाले तर थप्पी मोडावी लागेल, ते तेव्हा पाहू.

याचा आणखी एक मोठा फायदा. पहिला आणि दुसरा टप्पा यांत आठवडा गेला आणि मधल्या काळात बी वाळली, तर दोन टप्पे दोन वेगळ्या लॉटचे होतात. आता दोन्ही टप्प्यांची बी एकाच दिवशी काढलेली असेल.

९ एप्रिल

८० पिशव्या भरून झाल्या. दुहेरी प्लास्टिक, सावलीत. एप्रिलच्या उकाड्यात बंद पिशवीत बी घामेजते, म्हणून एका आठवड्याच्या आत फोडायच्या. फोडण्याआधी प्रत्येक पिशवी पुन्हा तोलायची, आणि ५ ग्रॅमपेक्षा जास्त घट असेल तर तशी नोंद करायची.

ओलीचा नियम आकडे यायच्या आधी लिहिला: पिशवीतली बी १० टक्क्यांपेक्षा ओली निघाली तर ते पोते या लॉटमध्ये धरायचे नाही, यादीतली पुढची पिशवी घ्यायची. अहवालात मग 'पूर्ण लॉटची सरासरी' असे लिहिता येणार नाही. '१० टक्के किंवा कमी ओलीच्या पोत्यांची सरासरी' असे लिहावे लागेल.

१० एप्रिल

पहिला टप्पा. काटा ०.१ ग्रॅमचा, सकाळी ५०० ग्रॅमच्या वजनाने तपासला. तोलताना पंखा बंद. हाताला आधी खोबरेल, वर हातमोजे. टरफलातला डीक (तेलकट चीक) कातडी सोलतो.

क्रमाने तिसरी पिशवी नमुन्यादाखल: १००० ग्रॅम, १९२ बिया. चांगला गर २६८.४ ग्रॅम. डागी व न भरलेला २५.८, त्याचे अर्धे १२.९. एकूण २८१.३ ग्रॅम × ०.१७६३७ = ४९.६ पौंड.

दहा आकडे: ४८.२, ४६.९, ४९.६, ५०.३, ४७.४, ४८.८, ४५.९, ४९.१, ४८.५, ४७.३.

सरासरी ४८.२. फरकांच्या वर्गांची बेरीज १६.०६, भागिले ९, एस² = १.७८. रद्द झालेल्या फेरीतल्या ०.३८ शी ताडून पाहा: पोत्याच्या आतला फरक आणि पोत्या-पोत्यातला फरक यांत जवळजवळ पाचपट अंतर आहे.

एन: ५.११७ × १.७८४ ÷ ०.२५ = ३६.५२, म्हणजे ३७. आणखी २७ पिशव्या.

११ एप्रिल

२७ ऐकल्यावर जो प्रश्न येतो तो आलाच: टी ऐवजी १.९६ का नको? मग २७.४२ येतात, म्हणजे २८. नऊ पिशव्या वाचतात.

वाचतात, पण ९५ टक्के राहत नाहीत. १.९६ वापरले तर पट्ट्यात खरी सरासरी सापडण्याची शक्यता म्हणजे ९ फ्रीडमचा टी ±१.९६ च्या आत असण्याची शक्यता. ती जेमतेम ९२ टक्के. एम ५ असता तर ८८ च्याही खाली. दहाच पोत्यांवरून मोजलेला एस² कधी खऱ्यापेक्षा लहान येतो, कधी मोठा. लहान आला की नमुना कमी पडतो, आणि त्याची भरपाई मोठा आलेल्या वेळी पूर्ण होत नाही. टीचा वाढीव आकडा नेमकी तेवढी भरपाई करतो.

दुसरा मोह: पिशव्या फोडत जायचे, सरासरी ४८ वर स्थिरावली असे वाटले की थांबायचे. हे तर मुळावरच घाव घालते. स्टाइनच्या हमीचा पाया असा की नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या) वाटणीत सरासरी आणि व्हेरियन्स एकमेकांपासून स्वतंत्र असतात. संख्या फक्त व्हेरियन्सवरून ठरली तर सरासरीवर तिचा रंग चढत नाही. सरासरी पाहून थांबलो की तो आधार गेला. म्हणून आजपासून पिशव्यांचे आकडे एका वहीत, आणि बेरीज ३७ वी पिशवी झाल्यावरच.

१२ एप्रिल

दोन फोडणाऱ्या जोड्यांत 'डागी' आणि 'बाद' यांची सीमा वेगळी पडते आहे. एकाच पिशवीचा गर मिसळून दोघांनी वेगवेगळा निवडला तेव्हा ४ ग्रॅमचा फरक आला, म्हणजे ०.७ पौंड. आपल्या ±०.५ पेक्षाही जास्त! ही चूक नमुने वाढवून जात नाही. पट्टा फक्त पोती निवडण्यातली चूक झाकतो, निवडणाऱ्याच्या डोळ्यातली नाही. सीमेवरचे बारा गर एका पांढऱ्या ताटात चिकटवून मधोमध ठेवले, शंका आली की त्याच्याशी ताडायचे. दुपारी पुन्हा तीच चाचणी: फरक ०.६ ग्रॅम. पहिल्या दहा पिशव्यांचा गर राखून ठेवला होता, तो ताटाप्रमाणे पुन्हा निवडला. पौंडाच्या एका दशांशापर्यंत आकडे तेच राहिले.

१३ एप्रिल

यादीतली २६ वी पिशवी ओली. मीटर १२ दाखवतो. बी दाबली तर टरफल लवते, आत गर करडा. काट्याच्या वहीत पाहिले तर हे पोते थेट जमिनीवर होते, खाली फळी नव्हती. नियमाप्रमाणे बाहेर, पुढची पिशवी घेतली.

कागदावर एक हिशेब करून पाहिला. समजा असे पोते पहिल्या दहात आले असते आणि ४५.९ च्या जागी ४१.० असते. एस² १.७८ वरून ६.६९ वर जातो, आणि एन ३७ वरून १३७ वर. एका पोत्यापायी शंभर पिशव्या. आकडा पाहिल्यानंतर 'हे पोते वेगळेच दिसते' म्हणून ते वगळणे म्हणजे व्हेरियन्स हाताने कापणे. आधी लिहिलेला ओलीचा नियम असेल तरच ते वगळता येते. नियम ९ तारखेला लिहिला होता हे चांगले झाले.

१४ एप्रिल

३७ पूर्ण. सरासरी ४८.४. उत्तर: ४७.९ ते ४८.९ पौंड, खात्री ९५ टक्के, १० टक्के किंवा कमी ओलीच्या पोत्यांसाठी.

३७ आकड्यांचा व्हेरियन्स आता काढला, २.३१. तो फक्त नोंदीसाठी. त्यावरून नवा टी घेऊन पट्टा पुन्हा काढायचा नाही. तो काढला की ठरलेली रुंदी उरत नाही. पण हा आकडा बोलका आहे. खरा व्हेरियन्स २.३१ च्या जवळ असेल तर गरज ३५.५ नमुन्यांची होती. ११ तारखेच्या मोहाने २८ वर थांबलो असतो तर खात्री ९२ टक्क्यांच्या आत राहिली असती.

लॉट ४१२ चाच आहे, त्यातली ३७ पोती पाहिली. मर्यादित लॉटची सवलत हिशेबात धरलेली नाही, म्हणजे खरी चूक सांगितली त्यापेक्षा थोडी कमीच असेल.

१९ एप्रिल

दुसरा लॉट, ९०० पोती, आणि मागणी ±०.२५ ची. रुंदी निम्मी झाली की गरज चौपट. इथे स्टाइनचा वाढीव खर्च जाणवू लागतो, कारण तो पहिल्या टप्प्यानंतर व्हेरियन्स पुन्हा पाहतच नाही. नमुना कितीही वाढला तरी गुणक पहिल्या एमचाच.

चाऊ आणि रॉबिन्स यांची १९६५ ची पद्धत दुसऱ्या टोकाची: एकेक नमुना घ्या, दर वेळी व्हेरियन्स नव्याने काढा, संख्या पुरेशी झाली की थांबा. पिशव्या तयार असल्यामुळे ती इथे जमेल, पण चार जण एकाच वेळी फोडत असताना दर पिशवीमागे हिशेब करून थांबायचे म्हणजे तिघे हात बांधून बसणार.

मधला मार्ग पीटर हॉल यांचा, १९८१ चा, तीन टप्प्यांचा. पहिल्या एमवरून जी गरज दिसते तिच्या निम्म्यापर्यंतच आधी जायचे. तिथे व्हेरियन्स नव्याने मोजायचा, मग शेवटची संख्या. टीच्या जागी १.९६ येतो, पण शेवटी एक ठरावीक भर घालावी लागते. निम्म्याचा टप्पा आणि ९५ टक्के असतील तर ती (५ + ३.८४ − ०.५) ÷ १ = ८.३४ (३.८४ हा १.९६ चा वर्ग). ती विसरली तर सरासरी साडेतीन नमुने कमीच पडतात, वर खात्रीही घसरते. स्टाइनची हमी काटेकोर आहे, हॉलची मोठ्या नमुन्यात जवळजवळ पूर्ण. म्हणून ±०.५ च्या छोट्या लॉटला ही पद्धत घेतली नाही, ८.३४ ची भरच बचत खाऊन टाकते.

नव्या लॉटला पायलट नवीन. जुना २.३१ फक्त एम ठरवायला वापरला: एम = २०. पिशव्या २००, फोडायला चार जण, म्हणजे दिवसाला बावीस.

२१ एप्रिल

२० पिशव्यांचा एस² २.४०. निम्मी गरज: ०.५ × ३.८४१६ × २.४० ÷ ०.०६२५ = ७३.७६, म्हणजे ७४. आणखी ५४ पिशव्या. स्टाइनने आत्ताच १६९ मागितल्या असत्या.

२४ एप्रिल

७४ चा व्हेरियन्स २.०५. ३.८४१६ × २.०५ ÷ ०.०६२५ = १२६.००, अधिक ८.३४, म्हणजे १३४.३५; एन = १३५. अजून ६१. स्टाइनपेक्षा ३४ पिशव्या कमी, चौघांचे दीड दिवसाचे काम. व्हेरियन्स दुसऱ्यांदा वाढला असता तर हीच पद्धत जास्त मागती, आणि तेव्हाही तिचे ऐकायचे होते.

२७ एप्रिल

१३५ पूर्ण. आठवड्याची मुदत गाठली. ओल्या निघालेल्या पिशव्या तीन, तिन्ही पोती जमिनीवरचीच. गोदामाला फळ्या टाकायला लेखी कळवले. उरलेल्या ६२ पिशव्यांची बी पोत्यांत परत केली. सरासरीची बेरीज उद्या सकाळी, दोघांनी वेगवेगळी करून मग ताडून पाहायची.